तुझी झोपमोड नको म्हणून

रूथ,

तुला माती देऊन आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी पलंगावर एकदाही पाठ टेकलेली नाही. रात्री पुढच्या खोलीत खुर्चीत बसतो, दिवा चालू ठेवतो, डोळा लागायला लागला की उठून तोंडावर पाणी मारतो. दिवसा मात्र शरीर ऐकत नाही. काल दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीतच मान पडली, आणि कृपानं मला गदागदा हलवून उठवलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता.

"पप्पा, श्वास थांबला होता तुमचा. मशीन कुठंय?"

"बिघडलंय," मी म्हणालो.

मशीन बिघडलेलं नाही. कपाटात तुझ्या साड्यांच्या खाली मीच ठेवलंय ते. तुझ्यासमोर माझं खोटं कधी टिकलं नाही. पोरीसमोर टिकलं, कारण ती माझ्याकडे नीट बघतच नाही सध्या. बघितलं की तिला रडू येतं.

मला झोपायची भीती वाटते, रूथ. छप्पन वर्षांचा माणूस, अर्धं आयुष्य घाटात आणि हायवेवर गाडी चालवलेला, आणि संध्याकाळ झाली की घरातले सगळे दिवे लावत फिरतो. हे कुणाला सांगायचं? पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. तुझे दौंडचे भाऊ चार दिवस राहून गेले. सगळ्यांनी विचारलं, झोप लागते का. मी म्हणालो, लागते की.

तुझ्या घरी माझ्या घोरण्याची चेष्टा पहिल्या दिवाळसणापासूनच, म्हणजे आपल्यात नाताळसणच तो, सुरू झाली होती. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दोन खोल्या, आणि तुझे तीन भाऊ ओळीनं आडवे पडलेले. सकाळी थोरला म्हणाला, "दाजी, रात्री यार्डात शंटिंग चाललं होतं का घरात?" सगळे हसले, मीही हसलो. परत येताना एसटीत मी तुला विचारलं होतं, तुला त्रास होतो का म्हणून. तू म्हणालीस, "मी लाइनीशेजारी वाढलेय. मालगाडी गेली तरी मला जाग येत नाही."

बरीच वर्षं हे खरं होतं. मग कंपनीच्या बसवर शिफ्टची ड्युटी लागली, पोट सुटलं, गळा जाड झाला. आणि तुला जाग यायला लागली. आवाजानं नाही. मी घोरत असताना तू शांत झोपायचीस, आणि घोरणं मध्येच तुटलं की टक्क जागी व्हायचीस. तू एका हातावर उठून माझ्याकडे बघत बसायचीस. मग मी गुदमरल्यासारखा आवाज करून श्वास घ्यायचो आणि कूस बदलायचो. मला त्यातलं काही ठाऊक नसायचं. तू तेव्हापासून माझ्या छातीवर हात ठेवून झोपायला लागलीस. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे काय नवीन, म्हणून मी मनातून खूश होतो. एकदा थट्टेनं तसं बोललो, तर तू हसली नाहीस.

"छाती हलायची थांबली की मला कळायला पाहिजे," तू म्हणालीस. "तुम्ही मरता हो. रोज मरता आणि परत येता. एखाद्या दिवशी आला नाहीत तर?"

मी म्हणालो, "काहीतरी बोलू नकोस. गॅस होतो मला."

अशा रात्रीनंतर तुला सकाळी बालवाडीत पोरं सांभाळायला जायचं असायचं. तिथल्या मुख्य बाईंनी मला एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, की दुपारी पोरांना झोपवता झोपवता तूच त्यांच्यात आडवी होतेस, आणि पोरं तुझ्या अंगावर पांघरूण घालतात. मला त्याचं हसू आलं. घरी येऊन मी तुला तेच सांगितलं. ती झोप मी तुझ्याकडून घेत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही. मी बसल्या जागी झोपायचो. उपासनेत तर झोपायचोच, तुझ्या कोपरानं जागा व्हायचो. पण तू बोलत असतानाही झोपायचो. तुझ्या आईला शेवटच्या दुखण्यात बघून आलीस, माझ्यासमोर बसून सगळं सांगत होतीस, आणि मी भिंतीला टेकून घोरायला लागलो. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणालीस, "माझं बोलणं नकोसं झालं असेल तर तसं सांगा. मी बोलायची नाही." मी रागावलो. दिवसभर गाडी चालवून माणूस दमतो, तुला काय कळणार, असं बोललो. घरात चिडचिड माझीच असायची. सकाळी उठायचो तेच डोकं दुखत, आणि तुझ्यावर ओरडत.

शिरूरच्या डॉक्टरांनी तुझं सगळं ऐकून घेतलं आणि पुण्याला जाऊन झोपेची तपासणी करा म्हणाले. मी चिठ्ठी खिशात घातली आणि बाहेर आल्यावर तुला सांगितलं, "हे कागदावर आलं तर संपलं. झोपेचा आजार असलेल्या ड्रायव्हरच्या हातात कोण बस देईल?" तू म्हणालीस, "म्हणूनच जायचं." आपला वाद तिथून सुरू झाला. तो खरं तर अजून मिटलेला नाही.

त्या सकाळचं मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आज पूर्ण सांगतो.

उसाचा हंगाम होता. पहिल्या शिफ्टची बस घेऊन मी न्हावऱ्याच्या पुढं आलो होतो. गाडीत चाळीसेक माणसं, बहुतेक पेंगत असलेली. रस्ता सरळ होता, धुकं नव्हतं. मी जागा होतो. अगदी जागा होतो असं मला वाटत होतं. आणि मग समोर उसाची ट्रॉली होती. ती लांबून जवळ आली असं झालं नाही. ती नव्हती, आणि एकदम काचेवर होती. बाहेर आलेली उसाची वाढी, ते हिरवे शेंडे, मला एकेक दिसली. मधला रस्ता कुठं गेला, तो कुणी चालवला, ते मला आजही माहीत नाही. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी तिरकी होऊन साइडपट्टीवर उतरली आणि थांबली. मागं आरडाओरडा झाला. तळेगाव ढमढेऱ्याची एक बाई पॅकिंगला कामाला होती, तिचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटून फुटलं.

"काय झालं वो मामा?" कुणीतरी विचारलं.

"कुत्रं आडवं आलं," मी म्हणालो.

सगळ्यांनी विश्वास ठेवला. त्या बाईनं कपाळाला पदर दाबून धरला होता. ती म्हणाली, "मामा व्हते म्हनून वाचलो. दुसरा आसता तर पल्टीच केली आसती." मला घाम फुटला होता आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते.

घरी येऊन तुला तेच सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. न थांबता विचारलंस, "कुठल्या रंगाचं होतं?"

"काय?"

"कुत्रं."

मी म्हणालो, "तांबडं." तू विचारलंस, डावीकडून आलं का उजवीकडून. मी उजवीकडून म्हणालो. मग गेलं कुठं, विचारलंस. तू तवा खाली उतरवलास, गॅस बंद केलास आणि माझ्यासमोर येऊन बसलीस. तुझे हात पिठाचे होते. तू म्हणालीस, "अहो, कुत्रं नव्हतं ना?"

मी मान हलवली. तू रडशील असं वाटलं होतं. तू फक्त विचारलंस, आता जाणार ना पुण्याला. मी शब्द दिला, नाताळ झाला की जातो. नाताळ झाला. मग म्हणालो, हंगाम संपू दे, मग जातो.

मग एक दिवस ट्रान्सपोर्ट बघणाऱ्या आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "तुमच्या मिसेस आल्या व्हत्या गेटवर," ते म्हणाले. "रिपोर्ट आणस्तोवर तुमाला गाडी देता येनार न्हाई."

त्या दिवशी घरी येऊन मी तुला जे बोललो ते इथं लिहीत नाही. तुला ते पाठ असेल. "माझ्या पोटावर पाय दिलास" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. तू एवढंच म्हणालीस, "बसमध्ये लोक असतात." मी माझी गादी उचलून पुढच्या खोलीत आणली आणि पाच महिने तिथं झोपलो. आपण एकमेकांशी कृपामार्फत बोलायचो. ती पुण्याला नर्सिंगच्या होस्टेलवर, तिला फोन करून सांगायचं, मम्मीला म्हणावं गॅस संपत आलाय. त्या पाच महिन्यांत तू आतल्या खोलीचं दार एकदाही लावलं नाहीस. मला वाटायचं, मी आत यावं म्हणून उघडं ठेवतेस, आणि मी हट्टानं जात नव्हतो.

तपासणीला मी गेलो ते नोकरीसाठी, तुझ्यासाठी नाही. डोक्याला, छातीला वायरी लावून झोपवलं. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरला आणि तासाला कितीदा श्वास थांबतो ते सांगितलं. आकडा ऐकून मी म्हणालो, मशीन चुकलं असेल. त्यांनी विचारलं, "घरी कोण झोपतं तुमच्याजवळ?" मी म्हणालो, मिसेस. ते म्हणाले, "मग त्यांना विचारा, त्यांना हा आकडा माहीत असणार." तू बाहेर बाकावर बसली होतीस. मी तुला विचारलं नाही.

मग झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन आलं. नाकावर मास्क, नळी, मंद घूं असा आवाज. पहिल्या सकाळी उठलो तेव्हा डोकं दुखत नव्हतं. किती वर्षांनी, ते आठवेना. आठवड्याभरात मला चहाची चव कळायला लागली. तुझ्याशी भांडण चालू ठेवायला जोर लागतो, तो जोरच गेला. एक दिवस गादी गुंडाळून आत आणली आणि म्हणालो, "पुढच्या खोलीत डास फार झालेत." तू नुसती सरकून जागा केलीस.

त्यानंतरचं दीड वर्ष मला मिळालं, ते तुझ्यामुळं. आप्पांनी बस परत दिली नाही, गेटवर बसवलं, ते मला लागत राहिलं. येणारेजाणारे पोरगे विचारायचे, "मामा, स्टेअरिंग सोडलं व्हय?" मी त्याचा राग तुझ्यावर धरून होतो, हे तुला माहीत होतं. पण संध्याकाळी आपण ओट्यावर बसायचो आणि तू बोलायचीस, आणि मी जागा असायचो. मी झोपेत घालवलेल्या सगळ्या गोष्टी तू मला नव्यानं सांगितल्यास. तुझ्या आईचं शेवटचं दुखणंसुद्धा. ते ऐकताना मी रडलो, तेव्हा तू म्हणालीस, "झालं. पोचलं एकदाचं."

तुला मात्र लवकर झोप लागत नव्हती. मास्कमुळं घोरणं गेलं होतं, आणि घोरणं गेलं की तुला जाग यायची, ही कित्येक वर्षांची सवय. तू मास्कपुढं हात धरून हवा येते का बघायचीस. हळूहळू ते कमी झालं. तू पहाटेपर्यंत झोपायला लागलीस. तुझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट झाली, हे मी बघितलं होतं. बोललो नव्हतो.

जायच्या दोन दिवस आधी तू म्हणालीस, "पाठीत भरून आल्यासारखं झालंय. छातीत पण जळजळतंय." मी म्हणालो, बाम लाव. मी म्हणालो, गॅस असेल.

तू मला कुत्र्याचा रंग विचारलास. मी तुला पाठीचं आणखी काही विचारलं नाही.

त्या सकाळी मी सहाला उठलो. सात तास सलग झोप झाली होती. अंग हलकं होतं. मास्क काढला, मशीन बंद केलं. तू माझ्याकडे पाठ करून झोपली होतीस, पांघरूण खांद्यापर्यंत. तू माझ्याआधी उठली नाहीस असं कधी झालं नव्हतं. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, बारा-पंधरा वर्षं या बाईनं माझ्यामुळं डोळ्याला डोळा लावला नाही, आज झोपू दे तिला.

मी पंखा कमी केला. पावलांचा आवाज नको म्हणून चप्पल हातात घेऊन बाहेर आलो, आणि दार हलकेच लोटलं. दूधवाल्यानं हाक मारली तर त्याला बोट दाखवून गप्प केलं. चहा केला, भांडं आपटू दिलं नाही. तुझा कप झाकून ठेवला. ओट्यावर बसून एकटाच चहा प्यायलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "ताई दिसंनात?" मी मोठ्या अभिमानानं म्हणालो, "झोपलीय. उठवलं न्हाई." सव्वासात वाजले तरी मी उठवलं नाही. बालवाडीला उशीर होईल म्हणून शेवटी आत गेलो आणि तुझ्या खांद्याला हात लावला.

खांदा गार होता.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, पहाटेच्या सुमारास कधीतरी. तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं, म्हणाले. सगळे तसंच म्हणतात. पण मला विचारायचंय ते तुलाच. तू आवाज केलास का? मला हाक मारलीस का? माझ्या दंडाला धरलंस का? माझं घोरणं तुटलं तरी तुला कळायचं. तुझा श्वास तुटला आणि मी वीतभर अंतरावर, तूच मिळवून दिलेली झोप घेत पडलो होतो. ते मशीन नसतं, तर मी नेहमीसारखा दहादा गुदमरून उठलो असतो. एखाद्या वेळी तुझ्याकडे बघितलं असतं. हा विचार मला सोडत नाही. म्हणून ते साड्यांखाली आहे.

आणि राग पण येतो तुझा. एवढी वर्षं माझ्या श्वासावर लक्ष ठेवलंस, आणि स्वतःच्या छातीतली जळजळ मला एका वाक्यात सांगून मोकळी झालीस. माझ्यासाठी कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिलीस. स्वतःसाठी दवाखान्याच्या दारापर्यंत गेली नाहीस.

दफनविधीला आप्पा आले होते. सगळे गेल्यावर माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मिसेस गेटवर दोन तास हुब्या व्हत्या. उन्हात. म्हनल्या, त्यांना काढू नका, त्यांची चांगली नोकरी हाय. फकस्त स्टेअरिंगवरनं उतरवा, आन् मी सांगितलं म्हनून सांगा. कंपनीवर राग नको त्यांचा, माझ्यावर ऱ्हाऊ द्या." आप्पा टोपी हातात घेऊन उभे होते. "म्हनून तर गेटवर ठिवलं तुमाला. न्हाईतर बसच्या ठेकेदारानं तवाच घरी बसवलं आसतं."

मला हे जवळजवळ दोन वर्षं माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. ओट्यावर बसून इतकं बोललीस, त्यात हे नव्हतं.

आज सकाळची गोष्ट सांगून थांबतो. मी अंघोळ करून आलो तर कृपा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, हात कणकेत, मान छातीवर. मला आधी भीतीनं ओरडायला झालं. मग तिचा खांदा हलताना दिसला. झोपली होती. मी हाक मारली तशी दचकून कणीक तिंबायला लागली.

"रात्री झोपली न्हाईस का?"

तिनं कणकेत आणखी पाणी घातलं. मी परत विचारलं.

"तुम्ही खुर्चीत बसता ना," ती म्हणाली, "मी आतून बघत असते. तुमची मान पडली की मी उठून बसते. श्वास येईपर्यंत मोजते." मग म्हणाली, "मम्मी पण असंच करायची. तुम्ही पुढच्या खोलीत झोपायचात तेव्हा सुट्टीला आले होते मी. दार उघडं ठेवून ती पलंगावर बसून असायची. मला म्हणायची, तू झोप, मला सवय आहे."

मी तिथंच तिच्याशेजारी खाली बसलो. अठरा दिवसांत पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तुझ्यासारखंच, त्याच जागी. ती पुण्याच्या हॉस्पिटलमधून सुट्टी काढून आलीय, तिला परत जायचंय, आजारी माणसांना इंजेक्शनं द्यायचीत.

"मशीन बिघडलेलं न्हाई," मी म्हणालो. "मला भ्या वाटतं."

"मला पण," ती म्हणाली.

ती दुपारी मशीन बाहेर काढून बसली. नळी धुतली, मास्क पुसला, बटण दाबून हवा तळहातावर घेऊन बघितली. मी तिला सांगितलं, उद्या तुझ्याबरोबर दवाखान्यात येतो, माझं हृदय तपासू, आणि तुझंही. ती म्हणाली, माझं कशाला. मी म्हणालो, मला विचारू नकोस, चल.

आता ती इथं आतच झोपली आहे, तुझ्या जागेवर नाही, खाली गादी टाकून. मी पलंगावर बसून हे लिहितोय. दार उघडं आहे, दिवा चालू आहे. तिचा श्वास मला ऐकू येतो, सावकाश, मध्येच जरा खोल. मी तो बराच वेळ ऐकत बसलोय. मशीन चालू केलं की त्या घूं आवाजात तो ऐकू येणार नाही. सकाळपर्यंत मला कशाचाच पत्ता लागणार नाही.

पण मी मास्क लावला नाही, तर माझा श्वास तुटला की ती उठून बसेल आणि मोजत राहील. म्हणून लावतो.